पुट्टीखालचा नंबर

मिस्त्रींचा स्वतःच्या डोळ्यांवर फारसा विश्वास नव्हता. त्यांचा सगळा भरवसा उजव्या तळहातावर. गाडी दुरुस्तीला आली की ते तिच्याभोवती एक फेरी मारत, मग डोळे मिटून तिच्या अंगावरून हात फिरवत. पत्रा कुठे आत गेलाय, कुठे उचललाय, मागच्या कारागिराने कुठे चालढकल केलीय, हे सगळं त्या हाताला कळे. गाडीचा मालक शेजारी उभा राहून अपघाताची हकिगत तिखटमीठ लावून सांगत असायचा आणि मिस्त्रींचे डोळे मिटलेले. पुष्कळांना वाटायचं, या माणसाला डुलकी लागली.

पोचे काढायचे, पुट्टी भरायची, घासायचं आणि रंग मारायचा, हा त्यांचा धंदा. तो त्यांनी जन्मभर केला परमुलखात, हद्दीपलीकडच्या एका गॅरेजमध्ये. तिथल्या लोकांनी त्यांना नाव ठेवलं होतं इस्त्री-मिस्त्री. चुरगळलेली गाडी त्यांच्या ताब्यात द्यावी आणि कडक होऊन परत न्यावी. पण या कामात एक मोठी गोची आहे. काम बिघडलं तर येणाराजाणारा नावं ठेवतो, आणि उत्तम झालं तर ते कुणाला दिसतच नाही. मिस्त्रींचं काम इतकं उत्तम व्हायचं की त्या जागी कधी काही घडलं होतं याचा मागमूस राहत नसे. म्हणजे ओघाने मिस्त्रींचाही राहत नसे.

मिस्त्रीणबाईंची नेमकी हीच तक्रार होती. त्या हद्दीच्या अलीकडे राहून घर, सासूसासऱ्यांची दुखणी आणि एकुलती एक मुलगी असा सगळा गाडा एकटीने ओढत होत्या. नवरा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, एखाद्या वर्षी तेही नाही. "तुम्ही तिकडे करता तरी काय?" असं त्या फोनवर अधूनमधून विचारत. मिस्त्री म्हणत, पोचे काढतो. त्यावर मिस्त्रीणबाईंचं म्हणणं असं की काढलेला एखादा पोचा घेऊन या बघू, मलाही कळू दे. आता काढलेला पोचा आणायचा कसा?

सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस ते पाहुण्यासारखे खुर्चीत बसत. मग त्यांचे हात शिवशिवायला लागत. भिंतीत खिळ्याचं भोक दिसलं की भर पुट्टी. कपाटाच्या दारावर ओरखडा दिसला की काढ घासून. मुलीने जेवणाच्या टेबलावर कर्कटकाने एक वेडंवाकडं फूल कोरलं होतं, तेही एका दुपारी असं नाहीसं झालं की मुलीला आपण ते कोरलं होतं की नाही याचीच शंका यायला लागली. शेजारीपाजारी कौतुक करत. घर कसं आरशासारखं ठेवलंय म्हणत. मिस्त्रीणबाई हसून वेळ मारून नेत.

एका सुट्टीत मात्र त्यांनी कहर केला. स्वयंपाकघराच्या दाराची लाकडी चौकट त्यांच्या हाताला खडबडीत लागली. गुडघ्याच्या वरपासून छातीपर्यंत बारीक बारीक आडव्या खाचा. मिस्त्रींना वाटलं, कपाट आत नेताना कुणीतरी धसमुसळेपणा केलेला दिसतो. मिस्त्रीणबाई बाजारातून परत येईपर्यंत त्यांनी सगळ्या खाचा भरल्या, घासल्या आणि वर ऑइलपेंटचा हात मारून पंखा लावून ठेवला.

त्या खाचा मिस्त्रीणबाईंनी पाडल्या होत्या. दर वाढदिवसाला मुलीला चौकटीला टेकवून उभं करायचं, डोक्यावर सुरी आडवी धरायची आणि एक खाच पाडायची. मुलीची सगळी वाढ त्या चौकटीत होती. मिस्त्रीणबाईंनी पिशवी खाली ठेवली, खालपासून वरपर्यंत हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. "छान झालंय," म्हणाल्या, आणि नवऱ्याची सुट्टी संपेपर्यंत त्यांनी कामापुरतंच बोलणं ठेवलं. का, ते मिस्त्रींना मुलीकडून कळलं, निघायच्या दिवशी.

त्यांच्या जिवाला ते फार लागलं. पण करणार काय? एकदा भरलं ते भरलं, असाच त्यांचा हिशेब. स्वतःचं चांगलं झालेलं काम पुन्हा उकरायचं असतं, ही गोष्ट त्यांच्या गावीही नव्हती. पुढे कित्येक वर्षं ते घरी आले की त्या चौकटीतून जरा अंग चोरूनच आतबाहेर करत.

गाडीचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं ते त्यानंतर. गॅरेजमध्ये एक गाडी ट्रकवर घालून आणली होती. पुढचा भाग चेपलेला, एका बाजूचे दोन्ही दरवाजे आत गेलेले, आणि अंगणात कुठेतरी पावसापाण्यात पडून राहिल्याने ठिकठिकाणी गंज. गॅरेजच्या मालकाने तिच्याकडे बघून हात झटकले. मिस्त्रींनी तिच्यावर हात फिरवला आणि ती घेऊन टाकली, रीतसर स्वतःच्या नावावर करून. मग साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, बाकीचे झोपा काढत असताना, ते एकटेच गॅरेज उघडून तिच्यामागे लागत. मालकाच्या घाईत न करता आपल्या मनाजोगं एक तरी काम करायचं, असा त्यांचा हट्ट होता. इंजिन एका मित्राने बघून दिलं, बाकी सगळं त्यांचं. रंग त्यांनी सायीचा काढला, तोही डब्यातला तयार नव्हे, पंधरा वेळा कमीजास्त करून.

एकदाच्या नोकरीला रामराम ठोकून घरी जाऊ तेव्हा या गाडीतून जाऊ, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. गाडी दारात उभी राहील. मिस्त्रीणबाई तिच्याकडे बघतील. नवऱ्याने इतकी वर्षं तिकडे घालवली ती कशात, हे एकदाचं त्यांना दिसेल. मिस्त्रींजवळ दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. बाकी सगळ्या गाड्या लोक आपापल्या घरी घेऊन गेले होते.

हद्दीवरून खासगी गाडी आणायचा नियम तसा उदार होता. परदेशात बरीच वर्षं नोकरी करून कायमचा परत येणाऱ्या माणसाला आपली वापरातली एक गाडी सोबत आणता येत असे. एकच, आणि जन्मात एकदाच. अट एवढीच की गाडी त्याच्या नावावर हवी आणि कागदावरचा चासी नंबर गाडीच्या पत्र्यावर कारखान्याने ठोकलेल्या नंबराशी तंतोतंत जुळायला हवा. नाही जुळला तर गाडी नाक्यावरच्या जप्तीच्या आवारात जाई, आणि तिथून बाहेर आलेली गाडी कुणी पाहिली नव्हती.

कागदपत्रांसाठी मिस्त्रींनी एक एजंट धरला होता. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच, होऊन जाईल. त्यामुळे नाक्यावर त्याला सगळे त्याच नावाने ओळखत. होऊन-जाईल यांनी सगळे अर्ज भरले, सगळ्या सह्या घेतल्या, आणि तिकडे राहायचा परवाना संपायच्या दिवशी सकाळी मिस्त्री गाडी घेऊन नाक्यावर हजर झाले. परवाना संपला की मागे फिरायची सोय नव्हती. पुढे तरी जायचं, नाहीतर गाडी सोडून पायी जायचं.

नाका म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. एका टोकाला तपासणी साहेबांची खोली, दुसऱ्या टोकाला उंच जाळी. जाळीपलीकडे आपला देश, एक लाकडी बाक आणि बाकावर मिस्त्रीणबाई. त्या सकाळच्या बसने येऊन बसल्या होत्या. ठेवणीतले कपडे, आणि मांडीवर भली मोठी पिशवी. पिशवीत गाडीच्या सीटसाठी शिवलेले अभ्रे. मापं मिस्त्रींनी फोनवरून वितींमध्ये सांगितली होती. पाठीला इतक्या विती, बैठकीला इतक्या. एका अभ्र्याची किनार घालायची राहिली होती, ती त्या बाकावर बसून घालत होत्या. लांबून त्यांना गाडी दिसली तेव्हा त्यांनी सुई अभ्र्यात टोचून ठेवली आणि उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी हात केला. त्यांनीही केला. मधे शेड, जाळी आणि सरकार.

तपासणी अधिकारी एक बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. चष्मा दोरीला अडकवलेला, बोटांना शिक्क्याची शाई लागलेली, आणि स्वभाव असा की हसायचं असलं तरी आधी काम पुरं करायचं. त्यांनी कागद बघितले, मिस्त्रींचा चेहरा बघितला, डिकी बघितली. मग बॉनेट उघडायला सांगितलं. नंबर बघायची त्यांची रीत ठरलेली होती. ज्या पत्र्यावर कारखान्याने नंबर ठोकलेला असतो त्यावर पातळ कागद धरायचा आणि वरून शिसपेन्सिल घासायची. नंबर आपोआप कागदावर उठतो, आणि मग तो दोन्हीकडून पडताळून बघायचा.

मॅडमनी कागद धरला, पेन्सिल घासली. कागद सगळीकडे सारखा करडा झाला. त्यांनी दुसरा कागद घेतला. तोही करडा. चष्मा लावून वाकून पाहिलं, बोट फिरवलं.

"मिस्त्री, इथे नंबर असायला हवा. काहीच लागत नाहीये हाताला. एकदम गुळगुळीत आहे."

मिस्त्रींच्या स्वभावाला औषध नव्हतं. पहिला क्षणभर त्यांना आनंदच झाला. पेन्सिल फिरवूनही एक कण उठला नाही, असं काम आपण केलंय. मग मॅडम काय म्हणाल्या त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला आणि त्यांनी स्वतः वाकून त्या जागेवर हात फिरवला.

झालं होतं ते असं. गॅरेजमध्ये रंगाला येणाऱ्या गाडीच्या नंबरावर आधी चिकटपट्टी लावत, म्हणजे तो बुजू नये. ते काम दुसऱ्या एका कारागिराचं होतं. गाडी मिस्त्रींच्या हातात यायची ती पट्टी लावूनच. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः कधी पट्टी लावली नव्हती. स्वतःच्या गाडीवर ते सुट्टीच्या दिवशी एकटेच काम करत, आणि एकट्या माणसाला पट्टी लावायची आठवण कोण करून देणार? गंजामुळे त्या पत्र्याला आधीच बारीक खड्डे पडले होते. मिस्त्रींनी डोळे मिटून हात फिरवला असणार. हाताला खड्डे लागले, हाताने भरले. त्यात काही खड्डे कारखान्याने ठोकलेले होते, हे हाताला कुठलं कळायला? तिकडे वर्षाच्या तपासणीत ब्रेक आणि धूर बघून सोडत, म्हणून बिंग फुटायचं राहिलं होतं. नंबराची दुसरी एक छोटी धातूची पट्टी गाडीवर असते, ती अपघातातच उडाली होती.

मॅडमनी कागद मिटून ठेवला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच मिस्त्री जास्त घाबरले. त्या म्हणाल्या, नंबर नसलेली गाडी म्हणजे कुणाचीच गाडी नाही, माझ्या लेखी ती इथे उभीच नाहीये. संध्याकाळी कचेरी बंद होईपर्यंत नंबर दिसला नाही तर मला ती आवारात पाठवावी लागेल.

आवार तिथूनच दिसत होतं. तारेच्या कुंपणात गाड्या उभ्या होत्या, चाकं बसलेली, बॉनेटवर पाचोळा. मिस्त्रींनी सवयीने पहिल्या रांगेतल्या गाड्यांचे पोचे मनातल्या मनात काढून टाकले. मग त्यांच्या लक्षात आलं की उद्या आपली सायीच्या रंगाची गाडी याच रांगेत असेल. मिस्त्रीणबाई जाळीतून बघतील त्या गाडीला, आणि मग बसने घरी जातील, आपण शेजारच्या सीटवर.

होऊन-जाईल यांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं आणि नेहमीचं उत्तर दिलं. नाक्याबाहेर एक ठोकणारा आहे, कागदावरचाच नंबर त्या जागी नव्याने ठोकून देतो, कुणाला पत्ता लागत नाही. नाहीतर तुम्हीच ठोका, तुमच्या हाताला काय कठीण आहे?

कठीण काहीच नव्हतं. मिस्त्रींनी मनात आणलं असतं तर असा नंबर ठोकला असता की खुद्द कारखान्याला तो आपलाच वाटला असता. त्यांच्या मनात ते एकदा येऊनही गेलं, खोटं कशाला बोला. पण आजवर त्यांनी झालेलं झाकलं होतं, न झालेलं कधी घडवलं नव्हतं. या दोन्हींत फरक आहे असं ते मानत, आणि आता या वयात तो फरक पुसायला त्यांचं मन घेईना. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"ऐकू येतंय मला सगळं," खोलीच्या दारातून मॅडम म्हणाल्या. होऊन-जाईल एकदम कुठल्याशा अर्जात डोकं घालून बसले. मॅडम बाहेर आल्या. खाली नंबर असेल तर माझ्यासमोर उघडा, त्या म्हणाल्या, पण कानस लावायची नाही, हातोडा लावायचा नाही. घासल्याचा एक ओरखडा जरी नंबरावर दिसला तरी तो मी खाडाखोड धरणार.

मिस्त्री गाडीसमोर उभे राहिले. पत्रा सरळ करायला सांगितला असता तर त्यांनी डोळे मिटून केला असता. पण पुट्टी काढायची कशी, हेच त्यांना सुचेना. रंग, त्याखाली अस्तर, त्याखाली पुट्टी. एक गोष्ट नशिबाने बरी होती. हल्लीची दगडासारखी घट्ट होणारी पुट्टी त्यांना कधी पटली नव्हती. ते आपली जुन्या पद्धतीची वापरत, जी थिनरने विरघळते. गॅरेजमधले नवे लोक त्यांना यावरून हसत. पण थिनर आणायचं कुठून? ज्वालाग्राही म्हणून ते नाक्यात आणूच देत नसत.

त्यांनी मॅडमना अडचण सांगितली. मॅडमनी आपल्या शाई लागलेल्या बोटांकडे बघितलं. मग आत जाऊन त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि नखांचा रंग काढायची एक छोटी बाटली आणली. शिक्क्याची शाई बोटांवरून जात नाही म्हणून त्या ती ठेवत. "हे सरकारी नाही, माझं आहे," त्या म्हणाल्या, "जपून वापरा." सोबत कापसाचा बोळाही दिला. आता पाहिजे होतं काहीतरी अणकुचीदार आणि बारीक. मिस्त्रींनी खिसे चाचपले, आणि त्यांची नजर जाळीकडे गेली.

जाळीपाशी जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं. मिस्त्रीणबाई केव्हाच्या बोटं जाळीत अडकवून उभ्या होत्या.

"काय झालंय?"

"नंबर बुजलाय गाडीचा."

"कुणी बुजवला?"

मिस्त्रींनी उजवा तळहात खिशात घातला. मिस्त्रीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांना उत्तर मिळालं.

"चौकटीसारखा?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्या विषयावर दोघं एक अक्षर बोलले नव्हते, आणि आता बोलायची वेळ आली ती सरकारी जाळीतून, जाळीवरच्या शिपायासमोर. मिस्त्रीणबाईंना एकीकडे संताप आला होता आणि दुसरीकडे हसू आवरत नव्हतं. हा माणूस हद्द ओलांडायला निघाला आणि तिथेही पुट्टी फिरवून आला. शेवटी त्यांनी अभ्र्यातली सुई काढली, दोरा दाताने तोडला, आणि मॅडमनी होकारार्थी मान डोलावल्यावर सुई जाळीतून आत दिली.

मिस्त्री बॉनेटवर वाकले. कापूस भिजवून त्यांनी पत्र्यावर धरला. सायीचा रंग सुरकुतला. तो रंग जमवायला त्यांचे किती सुट्टीचे दिवस गेले होते ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि तो कापसाला लागून निघून आला. त्यांनी जीभ दाताखाली धरली. मग खालचं अस्तर मऊ झालं. मग पुट्टी. सुईचं टोक तिरकं धरून ते ती कणाकणाने उचलत गेले, फुंकर मारत गेले, पुन्हा कापूस, पुन्हा सुई. मॅडम शेजारी खुर्ची टाकून बसल्या. होऊन-जाईल यांनी मोबाइलचा उजेड धरला आणि एकदाही ते दोन शब्द तोंडातून काढले नाहीत.

जाळीपलीकडे मिस्त्रीणबाई बघत होत्या. नवऱ्याला काम करताना त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या. घरात तो पुट्टी भरायचा ती त्या बाजारात गेल्या की, चोरून. इथे तो पाठीत वाकला होता, मान एका बाजूला कललेली, आणि त्याचा हात इतका हलका चालला होता की लांबून तो हलतोय की नाही ते कळत नव्हतं. फोनवर आपण याला काय काय बोललो ते त्यांना आठवलं. बाकावर बसायचं त्यांना सुचलंच नाही.

पहिला आकडा निघाला तेव्हा मिस्त्रींनी तो बोटाने चाचपला. खोल, स्वच्छ, कारखान्याने ठोकला तसाच. पुट्टीने त्याला काही केलं नव्हतं, उलट गंजापासून राखलं होतं. मग दुसरा, मग तिसरा. शेवटचा आकडा काही केल्या मोकळा होईना, आठ म्हणावा की तीन कळेना. बाटली रिकामी होत आली होती. मिस्त्रींनी उरलेले थेंब कापसावर घेतले, तेवढ्याच जागेवर धरले आणि थांबले. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. मग सुईने शेवटचा कण उचलला आणि आकड्याचं पोट मोकळं झालं. आठ.

मॅडमनी नवा कागद धरून पेन्सिल घासली. सगळा नंबर ओळीने उठला. त्यांनी तो कागदपत्रांवरच्या नंबराशी एकेक आकडा बोट ठेवून पडताळला, पुन्हा उलट्या बाजूने पडताळला, आणि शिक्का मारला. बोटांना शाई लागली. त्यांनी सवयीने बाटलीकडे हात नेला, बाटली रिकामी. "जा आता," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे हसल्या. होऊन-जाईल यांनी मोठा श्वास घेतला आणि सगळ्यांना सांगितलं की ते पहिल्यापासून म्हणतच होते.

गाडी जाळीपलीकडे आली. मिस्त्रीणबाई तिच्याभोवती हळूहळू फिरल्या. मिस्त्री जीव मुठीत धरून उभे. दरवाजे बघून झाले, छप्पर बघून झालं.

"यात तुम्ही काय केलंत?" त्या म्हणाल्या. "ही तर कारखान्यातून आल्यासारखी आहे."

याहून मोठी शाबासकी कुठल्या रंगाऱ्याला मिळणार? आणि याहून वाईट तरी काय ऐकायला मिळणार? मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. उकरलेल्या जागेच्या कडेला सगळे थर एकाखाली एक दिसत होते, साय, करडा, पिवळट, आणि तळाशी पत्रा. मिस्त्रीणबाईंनी त्या कडेवर बोट ठेवलं. "एवढं सगळं होतं होय याच्याखाली," असं हळूच म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी बोट उचललं नाही.

अभ्रे सीटवर चढेनात. प्रत्येक अभ्रा चार बोटं आखूड. मिस्त्रींनी आपल्या वितीने सांगितलं होतं आणि मिस्त्रीणबाईंनी आपल्या वितीने बेतलं होतं. त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेऊन आपला तळवा त्यावर ठेवून पाहिला. "तुमचा हात केवढा आहे हेच विसरून गेले होते मी," त्या म्हणाल्या. त्यात विनोद नव्हता. मग अभ्रे पिशवीत परत गेले आणि गाडी घराकडे निघाली.

दिवेलागणीच्या सुमाराला ते घरी पोचले. गल्लीतले लोक गाडी बघायला जमले, हात लावून गेले. मिस्त्रींचं लक्ष नव्हतं. सामान गाडीतच ठेवून ते आत आले, माळ्यावरून थिनरची जुनी बाटली काढली, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी खाली बसले. खिशातून सुई काढली. मिस्त्रीणबाई चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि गॅस बंद केला.

लाकडातली पुट्टी पत्र्यापेक्षा लवकर सुटली. सगळ्यात खालची खाच उघडली, मग तिच्यावरची. मिस्त्रीणबाई शेजारी येऊन बसल्या. मिस्त्री एकेक खाच मोकळी करत आणि विचारत, ही कधीची? त्या सांगत. ही पुढचे दात पडले तेव्हाची. ही शाळेत पहिल्यांदा रडत गेली त्या वर्षीची. या वेळी तुम्ही लाल बॅग घेऊन आला होतात. या वेळी आला नव्हतात.

मग दोन खाचा अगदी लागून निघाल्या. दोन्हींच्या मधे सुईच जेमतेम शिरत होती.

"या दोन एकाच वर्षीच्या?"

"नाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "त्या वर्षी ती वाढलीच नाही. वर्षभर आजारी होती, दवाखान्याच्या फेऱ्या चालल्या होत्या. तुम्हाला कळवलं नव्हतं. कळवून तुम्ही तिथून काय केलं असतंत?"

मिस्त्रींनी सुई खाली ठेवली. त्या दोन खाचांवरून त्यांनी अंगठा फिरवला, डोळे उघडे ठेवून. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मिस्त्रीणबाई उठून गेल्या नाहीत.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मुलगी कामावरून आली होती आणि आधी गाडीतच जाऊन बसली होती. ती हसत आत आली, आईबाबांना जमिनीवर बसलेलं पाहून थबकली, आणि मग तिला चौकट दिसली. तिने चपला काढल्या आणि लहानपणी राहायची तशी चौकटीला टाचा लावून ताठ उभी राहिली. मिस्त्रीणबाईंनी सुरी आणून नवऱ्याच्या हातात दिली.

मुलगी आता त्यांच्याहून उंच होती, त्यांना स्टुलावर चढावं लागलं. चांगल्या रंगावर ओरखडा काढायची त्यांच्या हाताला सवय नव्हती. खाच जरा वाकडी आली. मिस्त्रींनी ती तशीच राहू दिली.